चंदाबाईची बाजू

कारंज्यात एका जुन्या जिनिंगच्या गोदामात आमचं केंद्र आहे. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण गावात सगळे त्याला शेडच म्हणतात. ज्यांच्या हाताला काम आहे पण घरात ते पसरायला जागा नाही, अशा बाया इथे येतात. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी पिशव्या, कुणी लाकडी चौकटीवर साडी ताणून तिला खडे लावत बसते. मशिनी केंद्राच्या, कापायचं टेबल केंद्राचं, इस्त्री केंद्राची. कापड, दोरा आणि डोळे ज्याचे त्याचे. किल्ली माझ्याकडे. माझी मुलगी तेजल नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा मला घर खायला उठायचं, म्हणून मी हे काम घेतलं. बी.कॉम. झाले होते तेवढं उपयोगी पडलं.

शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला भिंतीलगत एक तख्त होतं. बुटकं, जाड लाकडाचं आणि एवढं रुंद की त्यावर डबल रजई पसरली तरी दोन्ही बाजूंना मांडी घालून बसता यायचं. केंद्रातली तेवढी एकच वस्तू केंद्राची नव्हती. ती लतीफाबीची होती.

लतीफाबी पिंजाऱ्याच्या घरात दिलेली. नवरा अशफाक रुई पिंजायचा, गाद्या भरायचा, आणि रजयांना टाके घालायचं काम घरातल्या बायांचं. सासूनं तिला हाताला धरून शिकवलं. पुढे सासू गेली, नंतर अशफाक गेला. पिंजायची मशीन विकली. मुलगा दानिश हैद्राबादेत एसी दुरुस्त करतो, मुलगी अर्शिया नांदेडला दिलेली. दोघं बोलावतात. ती जाते आणि आठवडा व्हायच्या आत परत येते. सून चांगली आहे, असं ती आपणहून सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. दुकान गेलं तेव्हा तख्त गल्लीतल्या घरात मावेना. ते दारातून आतच जाईना. म्हणून ती शेडमध्ये आली. मी पहिल्या दिवशी तिला विचारलं होतं की एकटीला एवढं मोठं तख्त कशाला. रजईला दोघी लागतात, दुसरी येईल, असं ती म्हणाली. कोण येणार हे तिलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस दुसऱ्या बाजूला कुणी ना कुणी बसून पाहिलं. मशिनीवर काम करणारी फरहीन बसली, तिची नणंद बसली. कुणी टिकली नाही. लतीफाबीचं एकच म्हणणं असायचं, हात जुळत नाही. मशिनींवरच्या मुली म्हणायच्या की म्हातारी खडूस आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग चंदाबाई आली. इंझोरीकडच्या तांड्यावरची. नातेवाइकांतल्या एका लग्नासाठी तिला कांचळीवर, म्हणजे चोळीवर, काचा बसवायच्या होत्या आणि तांड्यावर त्या दिवसांत लाइट नव्हती. टेबलं भरलेली होती, म्हणून ती सरळ तख्ताच्या मोकळ्या काठावर जाऊन बसली. लतीफाबीनं तिला उठ म्हटलं. चंदाबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. तख्त काय डोक्यावर घेऊन जाणार हाय का मी, असं काहीतरी बोलली आणि काचा बसवत राहिली. लतीफाबी तिच्या हाताकडे पाहत राहिली. चंदाबाई डावखुरी होती.

सासरी तिला या हातावरून फार बोलणी खावी लागली होती. त्या हातानं भाकर वाढू नको, त्या हातानं देवाला काही वाहू नको. तिनं जेवणाचा हात बदलला, सुईचा नाही बदलला. ते तिनं त्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं. लतीफाबीनं ऐकून घेतलं आणि तिच्या हातात रजईची लांब सुई दिली.

हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. रजईला टाके लांबीनं घालतात. एक बाई या काठाला बसते, दुसरी समोरच्या. प्रत्येकीनं आपल्या काठापासून ओळी घालत मधल्या रेघेपर्यंत यायचं. उजव्या हातानं शिवणारी उजवीकडून डावीकडे सरकते. समोर बसलेलीही तसंच सरकते, पण ती समोर तोंड करून असल्यामुळे उलट्या टोकाकडे जाते. म्हणजे दोघी दोन टोकांनी सुरू करतात, ओळीच्या मध्यावर एकमेकींसमोरून जातात आणि परत लांब होतात. चंदाबाई डावखुरी, म्हणून ती आणि लतीफाबी दाराकडच्या एकाच टोकाला समोरासमोर बसायच्या आणि टाका टाका करत बरोबरच खिडकीपर्यंत जायच्या. जशा ओळी आत सरकायच्या तशा दोघी जवळ यायच्या, आणि शेवटच्या ओळीला डोक्याला डोकं लागायचं. मग लतीफाबीनं म्हणायचं, "तुह्या डोक्याले तेलाचा वास येते व," आणि चंदाबाईनं म्हणायचं, "तुह्यावाल्या डोक्यात हायच काय वास यायले."

त्या काय बोलायच्या ते सगळं मी ऐकलं नाही. मी तिकडे गेले की आवाज खाली जायचा. पण शेडमध्ये कुठेही उभं राहिलं तरी त्या दोघींची कुजबुज मशिनींच्या आवाजाखालून ऐकू यायची, जशी घरात मागच्या खोलीत कुणीतरी असल्याची चाहूल असते तशी. सुनांच्या तक्रारी असायच्या, गुडघ्यांच्या असायच्या. चंदाबाईच्या मदनसिंगनं, म्हणजे नवऱ्यानं, म्हातारपणी मिशी रंगवली होती, त्यावर त्यांचा एक आख्खा उन्हाळा गेला. डबा दोघी एकाच पेपरावर मांडायच्या. चंदाबाई लतीफाबीच्या घरची भाजी खायची नाही, लोणचं खायची. लोणच्याले जात नसते, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं की चंदाबाईच्या तांड्यावरची अर्धी घरं ऊसतोडीला जायची. तिचीही. साताऱ्या-सांगलीकडे कुठेतरी. होळीच्या आसपास ती परत यायची, पायाला भेगा पडलेल्या, आवाज बसलेला, आणि त्याच आठवड्यात शेडमध्ये. हिवाळ्याच्या त्या दिवसांत लतीफाबी लहान कामं करायची, बाळांच्या दुलया, उशा. मोठ्या रजया कुणी मागितल्याच तर होळीनंतर देते म्हणून सांगायची. लग्नातल्या बिछान्याच्या रजया उन्हाळ्यातच लागतात, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

मागच्या वर्षी चंदाबाई गेली तेव्हा मदनसिंग बरोबर नव्हता. तो पावसाळ्यातच वारला होता. मुलगा धनराज आणि त्याची बायको शीला गेले, आणि शीलाला दिवस गेले होते म्हणून चंदाबाईही गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं येऊन पसरलेल्या रजईवरची आपली बाजू पुरी केली. लतीफाबीनं तिला कुठल्याशा दर्ग्याचा तावीज दिला, सुनेच्या कमरेला बांधायला. मी म्हटलं, सोनोग्राफी केली का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि हो हो म्हटलं, लहान मुलाला म्हणतात तसं.

या वर्षी होळी झाली आणि चंदाबाई आली नाही.

शीला तिकडेच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, हे फोनवर कळलं होतं. ओली बाळंतीण कशी येणार, थोडे दिवस लागतील, असं लतीफाबीनंच मला समजावलं, मी विचारलं नसताना. लग्नघरांच्या रजया यायला लागल्या होत्या. चंदाबाई नसतानाही तिनं त्या घेतल्या. खोळीत रुई पसरायची, ती हलू नये म्हणून सगळीकडे लांब लांब कच्चे टाके घालायची, आणि मग आपल्या बाजूला बसून मधल्या रेघेपर्यंत पक्के टाके पुरे करायची. मग रजई काढून फळीवर ठेवायची आणि दुसरी पसरायची. मी पाहत होते. मला वाटलं वेळ वाचावा म्हणून एकाच प्रकारचं काम आधी उरकते आहे. पण फळी भरत आली तसं लक्षात आलं की सगळ्याच रजया अर्ध्या आहेत. एका अंगाला बारीक, एकसारख्या ओळी, आणि दुसरं अंग फुगलेलं, कच्च्या टाक्यांचं, कुणीतरी अजून झोपेतून उठायचं असावं तसं.

"दुसरी बाजू पण तुम्हीच करून टाका ना," मी म्हटलं.

"ते चंदाबाईची हाय."

मी म्हटलं, ती उशिरा आली तर लग्नं निघून जातील. त्यावर तिनं जे सांगितलं ती तिच्या सासूच्या घरातली रीत होती. जोडीनं बसणाऱ्या दोघींपैकी एकीच्या बाजूला दुसरीनं सुई लावायची नाही. कितीही उशीर होवो. एकीनं दुसरीची बाजू भरली म्हणजे ती आता येणार नाही असा त्याचा अर्थ. सासूची जोडीदारीण वारली तेव्हा सासूनं तिची बाजू भरली होती, रडत रडत, आणि ती रजई विकली नव्हती.

"मले नाई लावता येत, ताई," ती म्हणाली. "चंदाबाई जित्ती हाय ना."

मी परत माझ्या टेबलाशी गेले. पण मला रात्रंदिवस घोर लागला. लग्नघरचे लोक विचारायला येत होते. लतीफाबी प्रत्येकाला आठ दिवस सांगायची. एका मुलीचा बाप चिडून मला म्हणाला की मॅडम, रजई अर्धी पांघरता येत नाही.

त्यातच वाशीमहून रविकांतराव आले. संस्थेच्या सगळ्या केंद्रांचं काम ते पाहतात. माणूस वाईट नाही. इंटरलॉकच्या नव्या मशिनी येऊन दोन महिने प्लॅस्टिकखाली पडल्या होत्या, कारण ठेवायला जागा नव्हती. फरहीन आणि तिच्याबरोबरच्या मुली शाळेच्या गणवेशाचं काम घेऊन बसल्या होत्या, त्यांना त्या मशिनी हव्या होत्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. रविकांतराव तख्ताभोवती एक फेरी मारून आले. केंद्राच्या नियमाची त्यांनी मला आठवण करून दिली, जागा वापरणाऱ्याची असते, वाट पाहणाऱ्याची नसते. तख्त जोडीचं आहे, जोडी नाही. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काम सुरळीत झालं तर ठीक, नाहीतर तख्त उचला.

लतीफाबी समोरच होती. तिनं टाका घालणं थांबवलं नाही. ते गेल्यावर तिनं मला विचारलं की तख्त उचललं तर ते जाईल कुठे. मी म्हटलं, तुमच्या घरी. ती म्हणाली, घराचं दार तर तेवढंच आहे अजून.

त्या संध्याकाळी तिनं माझ्यासमोर चंदाबाईला फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण तिला कमी ऐकू येतं. पलीकडे वारा, ट्रॅक्टर आणि लेकराचं रडणं. चंदाबाई ओरडून बोलत होती. बाळ दूध ओढत नव्हतं, आता ओढते. धनराजनं अजून काही ठरवलं नव्हतं. येतो, येतो व बी, असं ती म्हणाली, लतीफाबीला ती नुसतं बी म्हणायची, आणि फोन कट झाला. लतीफाबीनं फोन ओढणीच्या टोकात बांधला. "येतो म्हणते," ती मला म्हणाली, जणू मी ऐकलंच नव्हतं. मला तेजलची आठवण झाली. तीही दर वेळी येते म्हणते, आणि मीही ते तिच्या बाबांना जसंच्या तसं सांगते.

मग मला एक सुचलं. जुन्या रजयांना हात लावायचा नाही तर नको. एक कोरी रजई पसरू, तिच्यावर चंदाबाईचा एकही टाका नाही, तिची बाजू अशी काही नाही. समोर मी बसते. धावदोरा मला येतो, आईनं शिकवलेला. दोघींनी मिळून एक रजई तडीस नेली तर निदान रविकांतरावांना दाखवता येईल की तख्तावर जोडी बसते आहे. लतीफाबी नाही म्हणाली नाही. तिनं मला सुईत दोरा ओवून दिला, बोटाला घालायला चामड्याची टोपी दिली.

मी माझ्या उजवीकडून सुरुवात केली, म्हणजे खिडकीकडून. ती दाराकडून. मला बोलायचं होतं. तिला गोळ्या घेतल्या का विचारायचं होतं, रात्री एकटी असते तर दाराला आतून कडी नीट लागते का ते विचारायचं होतं. पण ती तख्ताच्या त्या टोकाला होती आणि मधे मशिनींचा खडखडाट. मान वर केली की समोर भिंत दिसायची, पोपडे आलेली. बऱ्याच वेळानं ती सरकत सरकत माझ्यासमोर आली. मी हसले, तीही हसली. टाके बरे आहेत, असं म्हणाली. मी काहीतरी म्हणेपर्यंत ती माझ्या पुढे निघून गेली आणि पुन्हा भिंत आली. दुसऱ्या ओळीलाही तसंच. तिसऱ्या ओळीला ती समोरून जाताना मी मुद्दाम हात थांबवला, पण तिचा थांबला नाही. तिची लय मोडली असती.

हात जुळत नाही म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. टाक्यांचं काही नव्हतं त्यात.

ती रजई आम्ही पुरी केली. चांगली झाली. दुसरी घेऊ या का असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्या हातातली सुई काढून पिनकुशनला लावली आणि म्हणाली की तुम्हाला कागदाची कामं असतात ताई, तुमची पाठ दुखेल.

अखजीला आठवडा राहिला असेल. दुपारी जेवणाची सुट्टी होती, मशिनी बंद होत्या. दारात चंदाबाई उभी. काळी पडलेली, निम्मी झालेली. कडेवर लेकरू, आणि त्या उन्हात लेकराच्या डोक्यावर टोपडं नाही. मी आधी धावत जाऊन त्याच्या डोक्यावर माझा पदर धरला.

लतीफाबी उठली नाही. तिनं नुसते हात पुढे केले, चंदाबाईनं लेकरू तिच्या हातात दिलं आणि स्वतः तख्तावर बसली, आपल्या बाजूला.

"उशीर केला," लतीफाबी म्हणाली, लेकराकडे पाहत.

चंदाबाईनं सांगितलं की गाडी रस्त्यावर उभी आहे. शीला आणि धनराज गाडीतच आहेत. तांड्यावरचं घर बंद करायला आले होते, भांडीकुंडी घेऊन परत निघाले आहेत. तिकडच्या एका बागायतदारानं धनराजला बारमाही ठेवलं होतं, मळ्यात राहायला खोली दिली होती. शीला कामावर जाणार, मग पोरीला कोण पाहणार.

"म्हंजे अखजी झाली की येशीन," लतीफाबी म्हणाली.

"नाई."

"मंग दिवाळीले."

"बी," चंदाबाई म्हणाली. तेवढंच. मग तिची नजर फळीवर गेली. ती उठली, वरची रजई खाली ओढली, उघडली. फुगलेल्या अंगावरून हात फिरवला. मग दुसरी ओढली. तिसरी. प्रत्येकीचं तेच अंग मोकळं.

"ह्या समद्या?"

लतीफाबी लेकराला थोपटत राहिली.

"काहून व बह्याडे? कोनाले तरी बसवाचं होतं समोर."

"कोनाले बसवू? समद्या उजव्या हायेत."

चंदाबाईला हसू आलं. मग मधेच तिनं तोंडाला पदर लावला. जेवायला बसलेल्या मुली आमच्याकडे पाहत होत्या. फरहीननं त्यांना मान खाली घालायची खूण केली, आणि त्या पुन्हा डबे चिवडायला लागल्या.

"माह्यी बाजू तू भर," चंदाबाई म्हणाली.

"जित्त्या माणसाची मी नाई भरत. तुले माहीत हाय."

"मंग मेली समज. मदनसिंगसंगच गेली समज. पण हे असं नको ठेवू, बी. लोकाच्या पोरीची लग्नं हायेत. तथी मले झोप नाई यायची."

बाहेर हॉर्न वाजला. चंदाबाईनं पिनकुशनवरची सुई घेतली, दोरा ओवायला गेली. ओवला जाईना. डाव्या हाताच्या तळव्याला कोयत्याचे घट्टे होते आणि अंगठा पुरता मिटत नव्हता. मी ओवून दिला. मग तिनं एक रजई तख्तावर पसरली आणि दाराकडच्या टोकाला बसली. लतीफाबीची बाजू तर कधीच झाली होती, तिला त्यावर घालायला टाका नव्हता. तरी ती उठली, लेकराला खांद्यावर घेऊन समोर जाऊन बसली, आणि चंदाबाई जसजशी सरकत होती तसतशी तीही हातात सुई नसताना सरकत गेली. त्या बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी जवळही गेले नाही. मी दाराशी जाऊन गाडीवाल्याला दोन मिनिटं थांब म्हणून सांगितलं. धनराज गाडीतून उतरला होता, तोही परत बसला. शीलाला मी विचारलं, पाणी हवं का. तिनं बाटली पुढे केली.

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा ओळ अर्ध्यावर आली होती. चंदाबाईनं सुई तिथेच कापडात टोचून ठेवली. लेकरू घेतलं. लतीफाबीच्या कपाळावरून, गालांवरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, जशी लेकरांवरून मोडतात. निघताना ती येतो म्हणाली नाही. जातो बी, म्हणाली.

लतीफाबी त्या दिवशी तशीच बसून राहिली. मी चहा आणला, तो गार झाला. मी तिच्यासाठी दानिशला फोन लावायचा का विचारलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. मशिनी परत सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडायला आले तेव्हा ती दाराशी थांबली होती. आत गेली, चप्पल काढली, आणि तख्ताला वळसा घालून चंदाबाईच्या बाजूला गेली. इतक्या वर्षांत मी तिला तिथे कधी पाहिलं नव्हतं. तिकडून तिला शेड दिसत नव्हती, भिंत दिसत होती. चंदाबाईची सुई ओळीच्या मध्यावर टोचलेली होती. लतीफाबीच्या उजव्या हाताला ती ओळ पुढे नेता येत नव्हती. तिला खिडकीच्या टोकाकडून उलट यावं लागत होतं. तिनं दुसरी सुई घेतली, त्या टोकाला बसली आणि टाके घालत मध्याकडे आली. त्या सुईपाशी पोचल्यावर तिनं आपला दोरा आणि चंदाबाईचा दोरा एकमेकांना गाठ मारून बांधले, गाठ रुईत ढकलली आणि दोन्ही शेपट्या कापल्या. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती. मी टेबलावरचे कागद उगाच वरखाली करत राहिले.

अखजीच्या आत फळी रिकामी झाली. लग्नघरचे येऊन आपापल्या रजया घेऊन गेले. तो चिडलेला बाप रजईवरून हात फिरवून म्हणाला की दोन्हीकडचे टाके एकाच हाताचे वाटतात, आधी असं नसायचं, आता सफाई आली. लतीफाबीनं शुक्रिया म्हटलं. ती चंदाबाईची सुई टोचलेली रजईही तिनं दिली. सासूसारखी ठेवून घेतली नाही. मला वाटलं होतं ठेवील.

रविकांतराव येणार होते त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला तय्यब सुताराला बोलवायला सांगितलं. मला वाटलं तख्ताचा पाय हलत असेल. तय्यब आला तेव्हा तिनं खडूनं तख्ताच्या मधोमध लांबीनं रेघ मारली आणि इथून काप म्हणाली.

तय्यबनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, घाई करू नका. काम तर वेळेत झालं आहे, मी रविकांतरावांशी बोलते, तख्त राहील. अशफाकभाईंच्या दुकानातली ही शेवटची वस्तू आहे.

"मले एकटीले एवढं कायले लागते, ताई," ती म्हणाली. "पोट्ट्यांच्या मशिनी येऊ द्या तिकडं."

करवतीला बराच वेळ लागला. जुनं लाकूड, आत खिळे होते. भुसा मुलींच्या गणवेशांवर उडायला लागला तेव्हा फरहीननं सगळ्यांवर चादर टाकली. कापलेल्या अर्ध्याला दोनच पाय उरले, म्हणून तय्यबनं दुसऱ्या अर्ध्याचे पाय काढून त्याला लावले. उरलेल्या फळ्या तो हातगाडीवर टाकून घेऊन गेला. त्यांचं काय करू असं त्यानं विचारलं होतं. लतीफाबी तेव्हा तख्तावरचा भुसा झाडत होती.

आता तिथे इंटरलॉकच्या मशिनी आहेत. उजेड खिडकीचा घ्यायचा म्हणून मुली लतीफाबीकडे पाठ करून बसतात. ती अजून येते. अर्ध्या तख्तावर अर्धी रजई पसरते, झालेला भाग गुंडाळून मांडीवर घेते, आणि दाराकडून खिडकीकडे सरकत जाते. मुलींना ती काही बोलत नाही आणि मुली तिला आता खडूस म्हणत नाहीत. चंदाबाईचा फोन एकदा आला होता. रेंज नव्हती.

काल संध्याकाळी मी कुलूप लावायला आत गेले तेव्हा ती एक डबल रजई घडी करत होती. एवढी मोठी रजई एकटीला आवरत नाही. मी दुसरं टोक धरायला पुढे झाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी दर खेपेले थोड्याच असता."

तिनं रजईचा काठ हनुवटीखाली दाबला, दोन्ही हात जातील तेवढे लांब केले, आणि उरलेली रजई जमिनीला लागू नये म्हणून टाचा उंच करून उभी राहिली. मी किल्ली हातात घेऊन थांबले. पहिली घडी वाकडी पडली. तिनं ती उलगडली आणि परत काठ हनुवटीखाली घेतला.